हातानं थापलेल्या मातीच्या लाद्या : बसवणं, तेल देणं आणि सांभाळणं

आमच्या ओसरीवर उंबऱ्याजवळच्या एका लादीत कुत्र्याच्या पिल्लाचं पाऊल उमटलं आहे. कुंभारानं ओली लादी वाळत घातली, पिल्लू वरून चालत गेलं, आणि ते पाऊल भट्टीत भाजून निघालं. गवंडी ती लादी बाजूला काढून ठेवत होता. मी मुद्दाम दारासमोर बसवून घेतली. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो.

हे प्रेम टिकवायचं तर लादीचा स्वभाव कळायला हवा, कारण ती व्हिट्रीफाइडसारखी नाही आणि शहाबादीसारखीही नाही. ती पाणी पिते. मातीतलं लोह भाजल्यावर लाल होतं, पण हजारेक अंशांच्या आतच भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी आत जातं आणि वाफ बाहेर येते. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी एवढ्यासाठीच आहे: पाणी कुठून आत येतंय, आणि त्याला बाहेर जायला वाट आणि वेळ दिलाय का? बिघडलेल्या लाल फरश्या मी पाहिल्या आहेत. त्यांतली जवळजवळ प्रत्येक फरशी घाईनं बिघडली होती.

लादी निवडताना

1860च्या दशकात बासेल मिशननं मंगळूरला कौलांचे कारखाने काढले. तेव्हापासून यंत्रात दाबलेली, एका मापाची कौलं आणि लाद्या किनारपट्टीवर सगळीकडे पोचल्या. त्या चांगल्याच असतात, आणि बसवायला सोप्याही. हा लेख साच्यात हातानं थापलेल्या लाद्यांबद्दल आहे. ह्या लाद्यांची माती कुंभार पायानं मळतो, आणि एकाच ढिगातल्या दोन लाद्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज निघतो.

ऑर्डर देण्याआधी पाच-सहा लाद्या घरी आणा आणि चार गोष्टी तपासा.

आधी आवाज ऐका. लादी एका हाताच्या बोटांवर तोला आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं टिचकी मारा. नीट भाजलेली लादी मडक्यासारखी खणखणते. ‘थप्प’ असा आवाज आला तर ती कच्ची आहे किंवा तिला बारीक चीर आहे.

मग ती किती पाणी पिते ते बघा. कोरडी लादी किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. 1500 ग्रॅमची लादी 1700 ग्रॅम भरली, तर तिनं 200 ग्रॅम पाणी प्यायलं, म्हणजे सुमारे 13 टक्के. पंधरापर्यंत मी घेते. वीसच्या पुढे गेली तर ती फक्त भिंतीवर शोभेला लावावी.

तिसरी तपासणी खाराची. एका ताटलीत इंचभर पाणी घ्या, लादी त्यात उभी ठेवा, आणि ते पाणी शोषून-उडून जाऊ द्या. पुन्हा पाणी भरा, पुन्हा उडू द्या. लादीवर पांढरी भुकटी फुलली तर मातीतच क्षार आहेत. ते पुढे घरभर फुलतील.

चौथी तपासणी चुन्याच्या खड्यांची, आणि देशावरच्या मातीत ती फार महत्त्वाची. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. लादी भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, आणि पुढे ओल लागली की तो फुगून लादीचा पापुद्रा उडवतो. मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती बशीसारखा खड्डा, अशी त्याची खूण असते. म्हणून भिजवलेली लादी दोन-तीन आठवडे नुसती ठेवून द्या आणि लक्ष ठेवा.

आता नग किती लागतील? आठ इंची लादी आणि तीन अष्टमांश इंचाची दर्ज, म्हणजे दोन लाद्यांमधली फट, धरली, तर 100 चौरस फुटांना 205 लाद्या बसतात. फूटतूट, वाकडेपण आणि कापणी धरून 235 मागवा. काम झाल्यावर पंधरा-वीस लाद्या माळ्यावर ठेवा आणि कुणालाही देऊ नका. त्याच भट्टीचा रंग पुन्हा मिळत नाही.

लाद्या आल्या की त्यांचे तीन ढीग करा: मोठ्या, मध्यम, लहान. जास्त वाकलेल्या चौथ्या ढिगात टाका, त्या कडेला कापून वापरता येतात. बसवताना मात्र सगळ्या खेपांतल्या लाद्या मिसळून घ्यायच्या. नाहीतर अर्धी खोली गडद आणि अर्धी फिकी दिसते.

खालची तयारी

जमिनीवरचं घर असेल तर नऊ इंच दगडाचं सोलिंग करा, ते ठोकून घट्ट बसवा. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, 250 मायक्रॉनचा, जोडाला फूटभर एकावर एक घेऊन अंथरा. मग चार इंच काँक्रीट. कोकणात जोत्यातून वर चढणारी ओल हाच मोठा शत्रू आहे, आणि प्लास्टिक ती बऱ्यापैकी अडवतं. जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात मात्र एक भान ठेवा. मधली ओल अडली की ती भिंतीकडे सरकते. तिथे आधी पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्यायची सोय करा, फरशीचं नंतर बघा.

इमारतीतल्या फ्लॅटमध्ये ह्या लाद्या बसतात, पण खाली दोन इंच माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-रेती, आणि वर लादी मिळून चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे किलोचं ओझं होतं. इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. दारं खालून कापावी लागतील हेही आधीच धरा.

रेतीबद्दल मात्र थांबून सांगते. खाडीची रेती कितीही स्वस्त मिळाली तरी ह्या कामाला नको. तिच्यातलं मीठ मालातून लादीत चढतं आणि वर्षानुवर्षं पांढरं फुलत राहतं. नदीची गोडी रेती किंवा धुतलेली क्रश सँड घ्या आणि चाळून घ्या. पाणीही गोड्या विहिरीचं हवं. पाणी मचूळ लागत असेल तर टँकरचा खर्च करा.

बसवणं

लाद्या कमीजास्त जाडीच्या असल्यानं पातळ थरात अ‍ॅडेसिव्हनं चिकटवण्याची पद्धत इथे उपयोगी पडत नाही. दीड ते दोन इंचाचा माल लागतो: एक भाग सिमेंट, पाच भाग रेती, पाणी बेताचं. मूठ वळली की लाडू व्हावा आणि दाबला की फुटावा, इतकाच ओलसर. चुना मिळत असेल तर एक सिमेंट, एक चुना, सहा रेती हे प्रमाण मला अधिक आवडतं. असा माल थोडा मऊ राहतो आणि लादीच्या अंगचा वाटतो.

आधी कोरडी मांडणी करा. खोलीचा मध्य काढा, गुण्या लावा, दोन सुतं काटकोनात ताणा, आणि एक ओळ इकडून, एक तिकडून नुसती मांडून बघा. दारात आणि नजरेसमोर पूर्ण लादी यायला हवी, कापलेली कडेला, कपाटाखाली जावी. ओसरीला बाहेरच्या बाजूस ढाळ द्या, दहा फुटांना दीड इंच.

प्लास्टिकचे स्पेसर इथे चालत नाहीत, कारण लादीची प्रत्येक बाजू वेगळी असते. दर तीन लाद्यांमागे आडवं-उभं सूत ताणायचं आणि त्या चौकटीत नऊ लाद्या डोळ्यानं जुळवायच्या. दर्ज कुठे तीन अष्टमांश, कुठे अर्धा इंच होते. होऊ द्या. गवंड्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नाहीतर तो सवयीनं लाद्या एकमेकींना भिडवायला जातो आणि चौथ्या ओळीत सगळं वाकडं होतं. भिंतीलगत एक सेंटिमीटर मोकळं सोडा, ते स्कर्टिंगखाली झाकलं जातं.

लादी कोरडी बसवू नका. कोरडी लादी मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंट भुसभुशीत राहतं, आणि वर्षभरात लादी पोकळ वाजायला लागते. पिंपात बुडवा. बुडबुड्यांची रांग वर येईल. ती थांबली की लादी काढा आणि उभी टेकवून ठेवा, वरची पाण्याची चकाकी जाईपर्यंत. हात लावला तर गार लागावी, पण बोटाला पाणी येऊ नये. हाच क्षण बसवण्याचा.

मालावर सिमेंटची दाट स्लरी ओता, लादीच्या पाठीलाही थोडी फासा, लादी ठेवा आणि रबरी हातोडीनं मधून कडेकडे ठोका. चार कोपरे वाजवून बघा. एखादा पोकळ वाजला तर तेव्हाच उचलून खाली माल भरा. वर सांडलेलं सिमेंट ओल्या स्पंजनं त्याच मिनिटाला पुसा. पिळा, पुन्हा पुसा. बादलीतलं पाणी गढूळ झालं की बदला. हे काम करायला एक माणूस वेगळा ठेवा, त्याची मजुरी वाया जात नाही.

दर्ज भरणं

तीन-चार दिवस त्यावर कुणाला चालू देऊ नका. मग दर्ज भरायला घ्या. इथेच सगळ्यांत जास्त फरश्या खराब होतात. नेहमीच्या टाइल्सवर गवंडी पातळ सिमेंट ओततो, झाडूनं पसरवतो आणि भुशानं पुसतो. ह्या लादीवर ते केलं की सिमेंट छिद्रांत शिरतं आणि लाल फरशी कायमची राखाडी होते.

एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक चाळलेली रेती, घट्ट कालवा. लाद्या स्पंजनं ओलसर करा आणि लहान थापीनं एकेक दर्ज भरत जा. वाकवलेल्या सळईच्या तुकड्यानं ती दाबून किंचित खोलगट करा. काम वेळखाऊ आहे, पण त्यातून सुटका नाही. दर्जेत लाल रंग घालावा असं पुष्कळ जण सुचवतात. मी रेतीचाच रंग ठेवला, कारण लाद्यांच्या रंगछटा त्यामुळे उठून दिसतात.

सिमेंटला पाणी मारताना ओला पेंढा पसरू नका. त्याचा तपकिरी रंग लादीत उतरतो. दिवसातून तीन-चार वेळा हलका फवारा पुरतो, चार दिवस.

आमच्याकडे काम संपत आलं तेव्हा गवंडी म्हणाला, “काकी, अ‍ॅसिड मारल्याशिवाय लादी साफ होवची नाय.” तो वाईट सांगत नव्हता. त्याच्या हातून शेकडो घरं तशीच धुतली गेली होती. पण ते अ‍ॅसिड दर्जेतलं सिमेंट खातं आणि क्षार मागे सोडून जातं. मी म्हटलं, “दादा, एक लादी अ‍ॅसिडनं धू, एक मी धुते, आठ दिवसांनी बघू.” आठ दिवसांनी त्याच्या लादीवर पांढरी साय आली होती. माझ्या लादीवर एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी, नायलॉनचा ब्रश आणि नंतर दोनदा स्वच्छ पाणी, एवढंच झालं होतं. व्हिनेगरही आधी कोपऱ्यात करून बघा, आणि सिमेंटचा पातळ पापुद्रा असेल तिथेच वापरा.

वाळू द्या

ह्या पायरीला पैसे लागत नाहीत, म्हणून तीच चुकते. सिमेंटच्या थराला कोरड्या हवेत वाळायला दर मिलिमीटरला साधारण एक दिवस लागतो. दोन इंच माल म्हणजे पन्नास दिवस. म्हणून कोकणात ह्या कामाचं वेळापत्रक मी असं सांगेन: दिवाळीनंतर तयारी, संक्रांतीच्या आत लाद्या बसवून पूर्ण, आणि शिमग्याच्या सुमारास पहिलं तेल. म्हणजे मिरगाच्या पावसाआधी फरशीला दोन-अडीच महिने मिळतात. एप्रिलमध्ये लाद्या बसवून गणपतीआधी चकाकी हवी असेल, तर ह्या लाद्या घेऊ नका.

ह्या दिवसांत फरशीवर पांढरी भुकटी येईल. घाबरू नका, आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. कोरड्या ब्रशनं झाडा आणि उचलून बाहेर टाका. पाण्यानं धुतलंत तर ते क्षार पुन्हा आत जातील आणि पुन्हा फुलतील.

फरशी वाळली का, हे कळायला दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव जमलं किंवा खालची लादी गडद दिसली, तर अजून थांबा. हे खोलीत तीन ठिकाणी करा. त्यात भिंतीजवळची एक जागा असूच द्या.

तेल की सीलर

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला, वर काचेसारखा थर देणारं लॅकर. दुसरा, आत शिरून पाणी परतवणारं सिलेन-सिलॉक्सेन जातीचं द्रावण. तिसरा, जवसाचं तेल आणि मेण. फ्रान्स-इटलीकडच्या जुन्या घरांत मातीच्या फरशीला हाच हात देतात.

पहिल्याचा अनुभव मी किंमत मोजून घेतला आहे. दुकानदाराच्या सल्ल्यानं मागच्या खोलीला चकचकीत लॅकर मारलं. मे महिन्यात फोटो काढावा अशी खोली दिसत होती. जुलैत खालची ओल वर आली, थराखाली अडकली, आणि फरशीवर दुधाळ चट्टे पडले. मग तो थर साबुदाण्याच्या पापडासारखा सुटायला लागला. तो खरवडून काढायला मला आणि दोघा मुलींना अकरा दिवस लागले. आपल्या हवेत जमिनीवरच्या मातीच्या लादीला बंद करणारा थर लावू नये, हे मी ठामपणे सांगते.

स्वयंपाकघर, न्हाणीघर, पायऱ्या इथे आत शिरणारं द्रावण बरं. डब्यावरचं प्रमाण पाळा, जास्तीचं पुसून घ्या. रंग फारसा बदलत नाही आणि फरशी घसरडी होत नाही.

ओसरी, माजघर आणि झोपायच्या खोल्यांना मात्र तेल. बाजारात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळतं ते घ्या. कच्चं जवसाचं तेल सावकाश वाळतं आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. खोबरेल तर अजिबात नको. आपल्याकडे ते लावायची सवय आहे, पण खोबरेल कधी वाळतच नाही. चिकट राहून धूळ धरतं आणि खवट होतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, हा दोन तेलांतला फरक आहे.

पहिला हात: तेल आणि टर्पेंटाइन समभाग. ऊन पडलेला दिवस निवडा, खिडक्या उघडा, घरातला गॅस, समई, उदबत्ती बंद ठेवा. चार इंची ब्रशनं लावा. कोरडी लादी ते डोळ्यांदेखत पिते. वीस मिनिटांनी वर जे उरलं असेल ते सुती कापडानं कोरडं पुसून काढा. आमच्या शंभर चौरस फुटांच्या ओसरीला पहिल्या हाताला पावणेदोन लिटर मिश्रण गेलं. दोन दिवसांनी दुसरा हात, ह्या वेळी दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. तिसरा हात फक्त ज्या लाद्या अजून पीत असतील त्यांनाच. रंग बराच गडद होतो, म्हणून आधी माळ्यावरच्या दोन लाद्यांवर करून बघा आणि घरच्यांना दाखवा.

एक धोक्याची गोष्ट, आणि ही घरातल्या प्रत्येकाला सांगा. जवसाच्या तेलाचे बोळे करून टाकलेली कापडं आपोआप तापून पेट घेतात. काडी लागत नाही. ती कापडं बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. कोपऱ्यात ढीग करून झोपायला जाऊ नका.

आठवड्याभरानं मेण. शंभर ग्रॅम मधमाशांचं मेण किसून चारशे मिलिलिटर टर्पेंटाइनमध्ये घाला, आणि ते भांडं चुलीपासून लांब, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळू द्या. विस्तवावर ठेवायचं नाही. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. अगदी पातळ फासा, मंद दिसायला लागलं की जुन्या धोतराच्या कापडानं घासा. पायऱ्यांना मेण लावू नका, घसरतं.

रोजचं आणि वर्षाचं

रोज मऊ केरसुणी, आणि घट्ट पिळलेलं फडकं. साबण लागलाच तर भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक चमचा बादलीभर पाण्यात. फिनेल ओतून धुणं, सोडा, ब्लीच, संडास धुवायचं अ‍ॅसिड, ह्यांतलं काही नको.

डाग पडतातच. तेल सांडलं तर आधी टिपा, मग मुलतानी माती पाण्यात दाट कालवून थापा, रात्रभर वाळू द्या आणि झाडा. दोन-तीन वेळा करावं लागतं. हळदीचा डाग उन्हानं फिका होतो, म्हणून उन्हाची तिरीप येत असेल तर घासाघीस न करता वाट बघा. गंजाचा डाग मात्र जात नाही. सिलिंडर आणि लोखंडी कुंडीखाली पाट ठेवा. समईखाली ताटली, टेबलाच्या पायांना जाड कापडाच्या टिकल्या.

पावसाळ्यात फरशी घामेजेल आणि गडद दिसेल. ते पाणी पंख्यानं वाळू द्या, वर प्लास्टिकची चटई अंथरू नका, खाली बुरशी येते. चटई हवी असेल तर काथ्याची किंवा कापडाची, आणि ती रोज उचलायची. ओसरीच्या कडेला शेवाळ धरलं तर कोरड्या दिवशी ब्रशनं काढा.

वर्षातून एकदा, पाऊस जाऊन महिना-दीड महिना झाल्यावर, खोलीत चार ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाका. पाच मिनिटांत थेंबाखालची लादी गडद झाली, तर तिथे तेल कमी झालंय. दाराजवळ हे आधी होतं. तेवढ्याच जागेला पातळ तेलाचा एक हात द्या आणि पुसून काढा. सगळ्या घराला दरवर्षी तेल दिलं तर थर साचतो आणि फरशी काळवंडते.

एखादी लादी फुटली तर भोवतीची दर्ज आधी छिन्नीनं मोकळी करा, मग लादी मधून फोडत कडेकडे या. शेजारणीला धक्का लागत नाही. खालचा माल दीड इंच खरवडा, ओला करा, माळ्यावरची लादी भिजवून बसवा. महिनाभर ती नव्या साडीसारखी वेगळी दिसते. तेल मुरलं आणि पायांची ये-जा झाली की कुठली ते शोधावं लागतं.